मागे टाचलेला कागद

"तुमच्या प्रश्नांतला एकच निवडा," मॅडम म्हणाल्या.

"एकच?"

"एकच. सगळे एकदम नाही सुटत, सर."

मी समोरच्या कागदाकडे बघितलं आणि माझं डोकं परत फिरलं. वर छापलं होतं, प्रश्न. त्याखाली पर्याय, मग फायदे-तोटे, मग निवड आणि सगळ्यात खाली आढावा. अहो, हा कागद मी चोवीस वर्षं भरतोय! चाकणला आमच्या कंपनीत ब्रेकचे ब्रॅकेट बनतात आणि मी तिथे क्वालिटीत सीनियर इन्स्पेक्टर आहे. एखादा ब्रॅकेट वाकडा म्हणून परत आला की अशीच शीट भरायची असते. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण काढायचं, उपाय लिहायचा, तारीख टाकून सही ठोकायची. शॉपवर, म्हणजे मशीनपाशी, आम्ही तिला व्हाय-व्हाय म्हणतो. आणि आता चिंचवडच्या एका दवाखान्यात, एसीत बसवून, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान बाई मला व्हाय-व्हाय शिकवणार होत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मी आपण होऊन गेलो नव्हतो. मागच्या महिन्यात ऑडिट चालू होतं. ऑडिटरनं तिसऱ्यांदा विचारलं, "पण ही चूक मुळात झालीच का?" आणि मी हातातली फाइल टेबलावर अशी आपटली की त्याचा चहा त्याच्या शर्टावर गेला. "होतात चुका! तुमच्या घरी नाही होत?" असं मी ओरडलो म्हणे. म्हणे कशाला, ओरडलोच. दुसऱ्या दिवशी एचआरच्या रणजीतनं दार लावून घेतलं आणि मवाळ आवाजात सांगितलं, "नागसेन सर, सहा सेशन करा, समुपदेशकांचं पत्र आणा. तोपर्यंत तुम्ही ऑडिटला बसू नका." माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं ते.

मी पेन उचललं आणि दोन मिनिटांत शीट भरली. प्रश्न: ट्रॅफिकमुळे घरी जायला उशीर. मूळ कारण: चाकण-मोशी रस्त्यावरची कोंडी. उपाय: कंपनीतून वेळेत निघणे. जबाबदारी: नागसेन. तारीख: तात्काळ. सही केली आणि कागद पुढे सरकवला.

आम्रपाली मॅडमनी तो वाचला आणि हसल्या. मला हसणाऱ्या माणसांचा तेव्हा फार राग यायचा.

"सर, हे तुम्ही ऑडिटरसाठी लिहिलंय."

"म्हणजे?"

"माझे वडील पिंपरीत कंपनीत होते. त्यांचं अक्षर वाईट, म्हणून त्यांच्या शीट मी उतरवून द्यायचे. नववीत होते. मूळ कारण, कामगाराचा निष्काळजीपणा. कायमचा उपाय, कामगाराला समज देण्यात आली. पन्नास तरी लिहिल्या असतील. सगळ्या अशाच."

खरं होतं ते. कुणी कबूल करत नाही, पण आमच्या पट्ट्यात तळेगावपासून भोसरीपर्यंत अर्ध्या शीट अशाच भरल्या जातात. मशीन जुनं झालंय असं लिहिलं तर मशीन बदलावं लागतं. माणसाचं नाव लिहिलं की काम भागतं.

"उशीर झाला तर काय होतं घरी?" त्यांनी विचारलं.

"बाबा जेवत नाहीत."

एवढं बोललो आणि माझा मलाच राग आला. सांगायचं नव्हतं मला.

बाबांना दहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. 'नको' आणि 'नागू' एवढे दोनच शब्द राहिले. कोंडीराम नाव सांगितलं तर पिंपरीतले जुने लोक अजून ओळखतात. तेहतीस वर्षं त्यांनी टूलरूममध्ये माल तपासला. त्यांनी टिक केलेली वस्तू परत आली नाही कधी. दिघीची दोन खोल्यांची जागा त्यांनी त्याच उजव्या हाताच्या कमाईवर घेतली, आणि आता तो हात मांडीवर पडून असतो.

डावा हात चांगला आहे. ताकाचा पेला ते डाव्या हातानं धरतात, पेपरची पानं उलटतात. पण डाव्या हातानं जेवायचं नाही. डाव्या हातानं धुतात, त्यानं घास घ्यायचा नाही, हे आजीनं लहानपणी मारून शिकवलेलं. चमचाही डाव्या हातात नको. बरं, विजयश्रीच्या हातचं खातील, तर तेही नाही. माझी बायको भोसरीतल्या लॅबमधून सहाला घरी येते, गरम भात मऊ करून वरण घालते, समोर बसते आणि हे भिंतीकडे तोंड फिरवतात. सुनेच्या हातून घास घ्यायची त्यांना लाज वाटते. मग राहिला कोण? मी. सकाळी साडेसहाला भरवून निघतो, दुपारी ते नुसत्या ताकावर राहतात आणि रात्रीच्या जेवणाला माझी वाट बघतात. त्यांना साखरेचा आजार. संध्याकाळी सातला गोळी घ्यायची आणि लगेच जेवायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. मी पोचणार आठला, कधी साडेआठला. कधी मोशीच्या चौकात ट्रक आडवा झाला की विचारूच नका.

ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी तेच झालं. दोन तास बस हलली नाही. विजयश्रीनं सातला गोळी दिली होती, मी येतोच आहे या भरवशावर. मी पोचलो तेव्हा बाबा साखर उतरून घामानं भिजलेले, डोळे अर्धवट मिटलेले, ती ग्लुकोजची पुडी हातात घेऊन रडतेय. दवाखान्यात नेलं, वाचले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. आणि सकाळी तो ऑडिटर मला विचारत होता, चूक झालीच का.

"हा प्रश्न घेऊ," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नसताना बाबा जेवत नाहीत. आता घरी जाऊन पर्याय लिहा. एक नियम. डोक्यात येईल तो लिहायचा. वेडगळ वाटला तरी, वाईट वाटला तरी. तिथल्या तिथे खोडायचा नाही. निवड नंतर."

"हे पण आमच्याकडे असतं," मी म्हणालो.

"मग सोपंच आहे की."

सोपं! कंपनीच्या शिकवणीत मी हेच सांगतो पोरांना. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तरी मी कामाला लागलो. पहिला पर्याय अर्थातच आमच्या पद्धतीचा काढला. आमच्या टूलरूमच्या रियाजला गाठलं. लकवा झालेल्या हाताला बांधता येईल असा चमचा करायचा, जाड मुठीचा, वर पट्टा. रियाजनं माप घेतलं, नायलॉनची मूठ लेथवर काढली, चमचा वाकवून बसवला, कडा घासून गुळगुळीत केल्या.

"नागसेनभाई, अब्बाजान को बोलना, पहिली ट्रायल आहे. काय कमी-जास्त असंल तर सांगा, मी दुसरा करतो. टेन्शन घेऊ नका राव."

बाबांनी तो चमचा डाव्या हातात घेतला. उजेडाकडे धरून फिरवून बघितला, मुठीवरून अंगठा फिरवला, जोडापाशी थांबले. मला वाटलं जमलं. मग त्यांनी तो टेबलाच्या अगदी कडेला, रिजेक्ट माल ठेवतात तसा, बाजूला ठेवून दिला. "नको."

"अहो पण का नको?" माझा आवाज चढला. "काय वाईट आहे त्यात? माणसानं दोन दिवस खपून केलाय!"

"नको."

"ओरडू नका त्यांच्यावर," विजयश्री आतून म्हणाली.

"मग तू सांग त्यांना! सगळं मीच करायचं का?"

"मी सांगून ऐकतात? दहा महिने मी रोज ताट घेऊन बसते आणि रोज भिंतीला वाढल्यासारखं उठते. तुम्हाला एक दिवस 'नको' म्हणाले तर एवढं लागलं?"

मी आंघोळीला गेलो.

बाकीचे पर्याय बसमध्ये लिहिले. सवयीनं कंपनीच्याच शीटवर. बस नेहमीप्रमाणे उभी होती, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि ड्रायव्हर कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होता. एक, हाताला बांधायचा चमचा. दोन, भरवायला पगारी माणूस. तीन, बाबांनी माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, तळेगावला राहायचं. चार, मी कायमची पहिली पाळी मागायची. पाच, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून पुढे ढकलायची. सहा, मी नोकरी सोडायची. घड्याळात पावणेआठ वाजले. विजयश्रीचा फोन आला, "तोंड फिरवून बसलेत. कुठवर आलात?" कुठवर आलो! जिथे अर्ध्या तासापूर्वी होतो तिथेच. फोन ठेवला आणि मी सातवा पर्याय लिहिला. मॅडमनी सांगितलं होतं ना, वाईट वाटला तरी लिहायचा.

सात, बाबा गेले तर प्रश्नच राहत नाही.

लिहून झाल्यावर मी आजूबाजूला बघितलं. शेजारचा झोपला होता. मी कागद घडी करून खिशात घातला, आणि घरी पोचेपर्यंत छातीवर हात ठेवून बसलो.

पुढच्या सेशनला तो कागद मॅडमना द्यावा की नाही हेच मला ठरवता येईना. शेवटी दिला. त्यांनी सातवरून नजर फिरवली, चेहरा बदलला नाही.

"मी माणूस म्हणून वाईट नाही, मॅडम."

"मी तसं म्हटलं नाही."

"जन्मदात्या बापाबद्दल असं लिहितं का कुणी?"

"लिहीत नाहीत. मनात मात्र पुष्कळांच्या येतं. या खुर्चीवर बसून सांगितलंय लोकांनी." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "दहा महिने तुम्ही एक दिवस सुट्टी घेतली नाहीये, सर. थकलाय तुम्ही."

माझे डोळे भरून आले आणि मला त्याचाही राग आला. पन्नाशीला आलेला माणूस, टिश्यूपेपरचा डबा समोर, काय हे. मॅडमनी मला पाणी दिलं आणि मग कागदावर बोट ठेवलं.

"हे पहिले सहा. यातलं बाबांना काय काय विचारलंत?"

"त्यांना बोलता कुठे येतं?"

"वाचता येतं ना? पेपर वाचतात म्हणालात."

शॉपवर मी वीस वर्षं बोंबलतोय, की मशीन बिघडलं तर आधी ऑपरेटरला विचारा, मग मीटिंगा घ्या. आणि घरी बाबांच्या जेवणाची मीटिंग सगळ्यांनी केली, मी, विजयश्री, अक्का, रियाज, डॉक्टर, ही बाई. बाबांना सोडून.

त्या दुपारी कंपनीत परत जाऊन मी तो कागद समोर ठेवून नवी शीट केली. मोठ्या अक्षरात सहाच पर्याय. वर लिहिलं, बाबा, तुम्हाला यातलं काय चालेल? खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भरवलं, तोंड पुसलं, कागद आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातापाशी ठेवली आणि बस पकडायला पळालो.

बस आळंदी फाट्यापाशी आली आणि मी एकदम सीटवरून उठून उभा राहिलो.

आमच्याकडे एक शिस्त आहे. शीट बदलली की जुनी फेकायची नाही. नवी वर, जुनी तिच्या मागे, दोन्ही टाचून ठेवायच्या. आधी काय होतं आणि काय बदललं हे ऑडिटर बघतो. चोवीस वर्षं हात ते काम करतोय. नवी शीट झाली आणि माझ्या हातानं, मला न विचारता, जुनी मागे लावून स्टेपलर दाबला होता. तो आवाज मला आता आठवत होता.

मी विजयश्रीला फोन लावला. ती लॅबमध्ये पोचली होती. "कसला कागद? मी नाही बघितला. काय झालं?" मी म्हटलं काही नाही. दुसरा कुणी असता तर वरचं पान वाचून ठेवून दिलं असतं. पण बाबा इन्स्पेक्टर होते. मागचं पान उलटून बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर खूण केली नव्हती, आणि हे मला त्यांनीच शिकवलं होतं. साहेबाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, तर तो म्हणाला, "परत डोकं फिरलं का?" नाही मिळाली. दिवसभर मी काय तपासलं ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी रस्ता नेमका मोकळा. साडेसातला घरी. विजयश्री दारातच उभी होती, पदर तोंडाला लावून.

"जेवले," ती म्हणाली.

"कुणी भरवलं?"

"कुणीच नाही. ताट नेलं तर मला हातानं बाहेर जायला सांगितलं. दार लावून घ्यायला लावलं. मी फटीतून बघितलं. भिंतीकडे तोंड करून बसले होते." तिनं आपला डावा हात वर करून दाखवला. "डाव्या हातानं, अहो. डाव्या हातानं जेवले."

खोलीत बाबा खुर्चीवर बसले होते. सदऱ्यावर वरण सांडलेलं, हनुवटीवर भाताचं शीत. फरशीवर अर्धा भात होता, पण ताट रिकामं होतं. कागद टेबलावर होता. वरच्या पानावर सहाही पर्यायांवर फुल्या मारलेल्या, एकेक करून, सावकाश. मी पान उलटलं.

सातव्यावर फुली नव्हती. टिकही नव्हती. त्याच्या खाली, पहिलीतल्या पोरानं काढावीत तशी वेडीवाकडी अक्षरं होती. ८ डावा हात.

"बाबा," मी म्हणालो. "बाबा, ते मी बसमध्ये... रागात होतो. तसं नव्हतं मनात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हातानं माझ्या खांद्याची कंपनीची बॅग ओढली, खाली ठेव म्हणून.

शेवटच्या सेशनला मॅडमनी आढाव्याचा रकाना उघडला. "प्रश्न सुटला?"

"सुटला." सगळं सांगितलं. साखर ताब्यात आहे, विजयश्री सातला ताट देते, दार लावते, अर्ध्या तासानं जाते. मी नऊला आलो तरी कुणाचं अडत नाही. पत्र दिलं की रणजीत मला परत ऑडिटला बसवणार आहे. "छान झालं सगळं. लिहा, शंभर टक्के प्रभावी. पण मॅडम, तुमच्या या पद्धतीनं मला काय केलंय माहितेय का? माझ्या बापानं मरायचं की बाटायचं यातलं एक निवडलं. मी निवडायला लावलं."

"त्यांनी जगायचं निवडलं, सर."

"ते मला समजतं हो! समजून राग जात नाही ना."

त्यांनी पेन उचललं. रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. पत्र घेतलं आणि निघालो.

त्यानंतरच्या रविवारी मी घरीच होतो. सातला मी स्वतः ताट वाढलं, बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसलो, माझंही ताट शेजारी. विजयश्री दार लावायला आली तर बाबांनी मान हलवली, राहू दे. मला फार बरं वाटलं. भात कालवला, त्यांच्या पथ्याचं अळणी वरण घातलं, बोटांनी मऊ केला, छोटा घास केला आणि दहा महिने धरायचो तसा त्यांच्या ओठांपाशी धरला.

"नको," बाबा म्हणाले.

रागानं नाही. ताट त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं. डाव्या हाताची बोटं भातात घातली, घास धरला, अर्धा वाटेत सांडला, उरलेला तोंडात गेला. चावून झाल्यावर सांडलेली शितं त्यांनी मांडीवरून एकेक करून वेचली आणि ताटाच्या कडेला ठेवली. मग माझ्या ताटाकडे बोट केलं. जेव, निवतंय.

माझा हात अजून वरच होता. त्यातला घास खाली ठेवायला मला जागा सापडेना. शेवटी तो मीच खाल्ला. बाबांच्या तोंडाला सोसेल असा, बिनमिठाचा.